कारंज्याचा कापूस, माटुंग्याचा काटा

कापूस पारखणारा माणूस आधी काही बोलत नाही. तो ढिगात हात कोपरापर्यंत घालतो आणि आतला कापूस उपसून काढतो, कारण वरचा कापूस वाळलेला असतो, खरं काय ते खाली असतं. सरकीपासून रुईचा झुपका सोडवून तो दोन्ही हातांच्या चिमटीत धरतो, ओढतो, दोन झालेले भाग एकमेकांवर ठेवतो, पुन्हा ओढतो. चार-पाच वेळा असं केलं की उलटसुलट पडलेले तंतू एका दिशेला वळतात आणि चिमटीत एक चपटा, चमकता पट्टा उरतो. तो काळ्या कापडावर ठेवला की लांबी दिसते. कानाशी नेऊन तोडला की आवाजावरून ताकद कळते. सरकी दाताखाली फोडली की ओल कळते. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही, आणि तेवढ्या वेळात कास्तकाराच्या वर्षभराच्या कष्टाचा भाव ठरतो.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला या बोटांचा जुना सराव आहे. गुरुभक्त कारंज्याला नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून ओळखतात, जैन समाज तिथल्या प्राचीन मंदिरांसाठी. कृषी पणनाच्या इतिहासात मात्र हे गाव वेगळ्याच कारणाने येतं. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने इथे कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला. आज गावोगावी कृषी उत्पन्न बाजार समित्या आहेत, त्यांची वंशावळ मागे नेत गेलं की ती कारंज्याच्या या कापूस बाजारापाशी येऊन थांबते.

हा आदेश का निघाला, हे समजायला आणखी थोडं मागे जावं लागतं. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडची बंदरं बंद पडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांची कापसावाचून उपासमार सुरू झाली. त्या चार वर्षांत वऱ्हाडच्या काळ्या मातीची किंमत लिव्हरपूलला कळली. तिथल्या बाजारात आपल्या कापसाला अमरावतीवरून 'उमरा' असं नाव पडलं. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला ओलांडून नागपूरला पोचली. मागणी अशी वाढली की खोटेपणाही वाढला. रुईत सरकी, माती, पाणी, जुना कापूस, काय वाटेल ते भरलं जाऊ लागलं. मुंबई सरकारने १८६३ मध्येच कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा केला होता, पण लबाडीचं मूळ मुंबईत नव्हतं, गावच्या बाजारात होतं. आणि तिथे फक्त कास्तकार लबाड नव्हता. उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा, म्हणजे ज्याचा माल त्यालाच आकडा कळायचा नाही. तोलाई, हमाली, दलाली, धर्मादाय, कडता अशा वजावटींच्या वाटा वेगळ्याच. वजनं ज्याची त्याची. बंडी रिकामी करून परतणाऱ्याच्या हातात किती पडावं, हे त्याच्याशिवाय बाकी सगळे ठरवत.

कारंज्याच्या बाजाराने यातली काही दारं बंद केली. व्यवहाराची जागा ठरली, मापं ठरली, पुढे १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने दलाल, तोलारी आणि व्यापारी यांना परवाने आले. हेतू कास्तकाराचं भलं हा नव्हता, हे स्पष्टच म्हटलं पाहिजे. मँचेस्टरला शुद्ध कापूस वाजवी भावात हवा होता. बाजार चालवणाऱ्या समित्यांवर व्यापाऱ्यांचाच भरणा, पिकवणाऱ्याला तिथे जागा नाही. ती मिळण्याची सुरुवात व्हायला १९२७ चा मुंबई कापूस बाजार कायदा यावा लागला. तरीही १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने देशभर असे बाजार हवेत म्हणून सांगितलं, तेव्हा डोळ्यांसमोर होता तो वऱ्हाडचाच अनुभव.

वजन खरं झालं. पण कापूस केवळ वजनाने विकत घ्यायची वस्तू नाही, आणि माझ्या मते वऱ्हाडच्या कापसाची खरी शोकांतिका इथेच आहे. या मुलखात 'बनी' नावाचा देशी कापूस पिकत असे. हिंगणघाट, नांदेड या बाजूंनाही त्याची ख्याती होती. तंतू लांब, मऊ, बारीक. त्याच्या शेजारी होता 'जडी', आखूड आणि भरड तंतूचा. जडी लवकर येई, जास्त येई, आणि मुख्य म्हणजे त्याच्या तेवढ्याच कापसातून रुई बनीपेक्षा बरीच जास्त निघे. कारंज्याच्या काट्यावर बनी आणि जडी दोन्ही सारखेच तोलले जात. बारीक तंतूचा जादा भाव बाजार देत नव्हता, दिला तरी जडीच्या जास्तीच्या वजनाची भरपाई होण्याइतका देत नव्हता. मग कास्तकाराने काय करावं? त्याने जडी पेरला. पुढची कित्येक वर्षं सरकारी अहवाल वऱ्हाडी शेतकऱ्याला दोष देत राहिले की त्याने चांगला कापूस सोडला. त्याने हिशेब केला होता आणि तो बरोबर होता. जे मोजता येत नाही त्याचे पैसे कोणी देत नाही, हे त्याला अहवाल लिहिणाऱ्यांच्या आधी कळलं होतं.

१९१७ मध्ये मॅकेना यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय कापूस समिती नेमली गेली, तिच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी आली. पाठोपाठ कायदे झाले. १९२३ च्या वाहतूक कायद्याने चांगल्या कापसाच्या मुलखात बाहेरचा भरड कापूस मिसळायला आणण्यावर बंदी घालता येऊ लागली. १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गठाणीवर प्रेसची खूण आणि क्रमांक टाकणं सक्तीचं झालं, म्हणजे कारंज्यात बांधलेली गठाण मुंबईत फोडल्यावर आत दगड निघाला तर तो कुठल्या प्रेसचा ते कळावं. कमिटीचा खर्च गठाणीमागे घेतलेल्या उपकरातून चाले. १९२४ मध्ये या उपकरातूनच मुंबईत माटुंग्याला कॉटन टेक्नॉलॉजिकल रिसर्च लॅबोरेटरी उभी राहिली. कारंज्याच्या गठाणीही हा उपकर देत होत्या, तेव्हा माटुंग्याच्या त्या इमारतीत वऱ्हाडचा वाटा आहे, असं म्हणायला हरकत नाही.

कारंज्याची रुई मुंबईला कशी पोचे, तेही सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची लाइन टाकली, तीच आपली शकुंतला. कारंजा त्या वाटेवरचं मोठं स्टेशन. गठाणी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढत आणि मुंबईत शिवडीच्या गोदामांपाशी उतरत. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही कॉटन ग्रीन आहे. तिथून माटुंगा हाकेच्या अंतरावर. कापूस तिथवर नेहमीच जात होता, फक्त आता त्याला प्रश्न विचारणारं कोणी तरी तिथे बसलं होतं.

पहिले संचालक डॉ. ए. जे. टर्नर. त्यांनी कामाची मांडणी अशी केली की एका बाजूला तंतू मोजायचा आणि दुसऱ्या बाजूला त्याच नमुन्याचं सूत कातून बघायचं. त्यासाठी प्रयोगशाळेत एक छोटी सूतगिरणीच होती. एखाद्या कापसापासून ठरावीक मजबुतीचं सूत जास्तीत जास्त किती बारीक काढता येईल, हा तिथला शेवटचा निकाल. संशोधन केंद्रांत नवं वाण तयार झालं की त्याचा नमुना माटुंग्याला जाई, आणि 'किती नंबरचं सूत निघतं' याचं उत्तर येईपर्यंत पैदासकाराचा जीव टांगणीला.

तंतूची लांबी मोजायला बेअर सॉर्टर होता. यंत्र म्हणावं इतकं काही त्यात नाही. एकामागे एक लावलेल्या बारीक दातांच्या फण्या, आणि एक चिमटा. फण्यांमध्ये कापसाचा झुपका बसवायचा, टोकं एका रेषेत आणायची आणि चिमट्याने सर्वांत लांब तंतूंपासून सुरुवात करून एकेक चिमूट काढत काळ्या मखमलीवर शेजारी-शेजारी मांडत जायचं. डावीकडे उंच, उजवीकडे उतरती अशी टेकडी तयार होते. तिची रेघ कागदावर उतरवली की त्या कापसाचं चरित्रच समोर येतं. लांब तंतू किती, आखूड किती, गिरणीच्या फणीत वाया जाणार किती. एका नमुन्याला तास-दोन तास जात. बाजारातला पारखी जे काळ्या कापडावर अर्ध्या मिनिटात करी तेच हे, पण आता त्याची नोंद होत होती, आणि दुसऱ्याने तोच कापूस मोजला तर तोच आकडा यायला हवा होता.

त्याच सुमारास माटुंग्यात एक असा नमुना आला, ज्याच्याबद्दल लिहिताना मला अजूनही शहारा येतो. मोहेंजोदडोच्या उत्खननात एका चांदीच्या पात्राला कापडाचा तुकडा चिकटलेला सापडला होता. ते कापूस आहे की तागासारखं दुसरं काही, हे पुरातत्त्व खात्याला हवं होतं. ए. एन. गुलाटी आणि टर्नर यांनी ते तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरले. तंतू इतके कुजके की हात लावताच तुटत, बुरशी आरपार गेलेली. नेहमीची कुठलीच चाचणी त्यांच्यावर करता येण्याजोगी नव्हती. पण कापसाच्या तंतूला एक खूण असते, जी दुसऱ्या कुठल्याच तंतूला नसते. बोंड उमलल्यावर आतला रस सुकतो, नळी चपटी होते आणि फितीसारखी स्वतःभोवती पीळ खाते. चार हजार वर्षांहून जुन्या त्या तंतूंत तो पीळ शिल्लक होता. १९२० च्या दशकाच्या शेवटी दोघांनी निष्कर्ष छापला की हा खरा कापूसच आहे, आणि आपल्या देशी आर्बोरियम जातीच्या जवळचा. म्हणजे बनी आणि जडी ज्या जातीचे, त्याच जातीच्या गोतातला. कारंज्याच्या बाजारातला कापूस आणि सिंधूकाठचं ते चिरगूट नात्यातले निघाले.

त्या बुरशीने नेमकं काय खाल्लं होतं? याचं उत्तर शोधणारी माणसं तेव्हा युरोपात होती. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी १८३८ मध्येच वनस्पतींच्या भिंतीतला समान पदार्थ वेगळा काढला होता, त्याचं नाव सेल्युलोज पडलं. वाळलेल्या रुईत तो शंभरात नव्वदीच्या पुढे असतो. पण हा पदार्थ आतून कसा बांधलेला आहे यावर भांडण होतं. १९२० मध्ये हर्मन श्टाउडिंगर यांनी मांडलं की सेल्युलोज, रबर यांसारख्या पदार्थांत हजारो छोटे रेणू कडीला कडी जोडून लांब साखळ्या झालेल्या असतात. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी त्यांना वेड्यात काढलं. तेहतीस वर्षांनी, १९५३ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं. आज आपण ज्याला पॉलिमर म्हणतो ते शास्त्र या भांडणातून उभं राहिलं. कापसाचा एक तंतू म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांच्या अशा असंख्य साखळ्या, दोरखंडासारख्या तिरप्या वेटोळ्यांत बसवलेल्या. साखळी लांब आणि शाबूत, तर तंतू मजबूत. बुरशीने, उन्हाने किंवा आम्लाने ती मधून तोडली, तर वरून पांढराशुभ्र दिसणारा तंतूही ओढताच हातात येतो.

साखळी तुटली आहे का, हे बघायचं साधन होतं काचेची एक नळी. तांब्याच्या अमोनियायुक्त निळ्या द्रावणात कापूस विरघळतो. साखळ्या लांब असतील तर द्रावण मधासारखं दाट होतं आणि नळीतून सावकाश उतरतं, तुटलेल्या असतील तर पाण्यासारखं धावतं. दोन खुणांमध्ये किती सेकंद लागले ते मोजायचं. मँचेस्टरजवळच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये १९२८ च्या सुमारास ही पद्धत पक्की झाली. दिवाळीनंतरच्या अवकाळी पावसाने भिजलेला कापूस कारंज्याच्या बाजारात आला की पारखी नुसता रंग बघून तोंड फिरवतो. तो ज्याला भितो ते हेच, भिजक्या बोंडात बुरशीने सुरू केलेलं साखळ्यांचं तोडकाम.

माटुंग्याचं स्वतःचं मोठं देणं म्हणजे तंतूच्या पक्वतेची चाचणी. तंतू आधी लांबीने वाढतो, मग आतून थरावर थर चढवत भिंत जाड करतो. ही दुसरी पायरी अर्धवट राहिली, पाऊस लवकर गेला किंवा झाडाला कीड लागली, तर तंतू लांबीला पुरा पण आतून पोकळ राहतो. असा कापूस कातताना गुठळ्या धरतो आणि रंगवताना रंग नीट घेत नाही. गुलाटी आणि नझीर अहमद यांनी १९३५ मध्ये भारतीय कापसांचा या दृष्टीने अभ्यास प्रसिद्ध केला. तंतू कॉस्टिक सोड्याच्या १८ टक्के द्रावणात फुगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजायचे. भिंत पुरी भरलेला तंतू फुगून सरळ काठीसारखा होतो, कच्चा तंतू फितीसारखा पिळलेलाच राहतो. मृगात पेरलेल्या पऱ्हाटीला सप्टेंबरात पाणी मिळालं की नाही, हे माटुंग्यात बसून ओळखता येऊ लागलं.

पुढच्या वर्षांत नवी यंत्रं झपाट्याने आली, त्यांची नोंद थोडक्यात करतो. टेनेसीत हर्टेल यांनी १९४० मध्ये फायब्रोग्राफ काढला. तंतूंच्या दाढीतून प्रकाश सोडायचा आणि पलीकडे किती पोचला त्यावरून लांबी काढायची. ॲरिझोनात प्रेसली यांनी १९४२ मध्ये तंतूंची जुडी चिमटीत पकडून उतारावरून घरंगळणाऱ्या वजनाने तोडणारं यंत्र केलं. कानाशी धरून ऐकायचा तो आवाज आता पौंडांत मोजला जाऊ लागला. आणि १९४७ मध्ये मायक्रोनेअर आलं, यातलं सर्वांत साधं आणि सर्वांत दूरवर पोचलेलं. सव्वातीन ग्रॅम कापूस एका डबीत दाबायचा आणि त्यातून हवा सोडायची. बारीक किंवा कच्चे तंतू असतील तर त्यांची संख्या जास्त, म्हणून हवा अडते. भरलेले, जाड तंतू असतील तर सहज वाट देते. एकाच आकड्यात बारीकपणा आणि पक्वता दोन्ही मिसळतात, हा त्याचा दोष. शिवाय ही सगळी यंत्रं हवेतल्या ओलीवर नाचतात, कारण कापूस श्वास घेतो. म्हणून खोली ६५ टक्के आर्द्रतेला आणि आपल्याकडे २७ अंशांना बांधून ठेवावी लागते. मुंबईच्या पावसाळ्यात हे साधणं सोपं नव्हतं. पुढे ही सगळी मापं एका पेटीत आली, ती एचव्हीआय. मिनिटाभरात लांबी, ताकद, मायक्रोनेअर, रंग, कचरा सगळं छापून देते.

कॉटन कमिटी बंद झाल्यावर १९६६ मध्ये प्रयोगशाळा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेली, १९९१ पासून तिचं नाव सिरकॉट. नागपूरला तिचं केंद्र आहे आणि जिनिंगचं प्रशिक्षणही. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं. तिथून पीकेव्ही हायब्रीड-२ सारखी वाणं बाहेर पडली. अशी वाणं कास्तकाराच्या हाती पडण्याआधी त्यांचे तंतू यंत्रांखालून गेलेले असतात. माटुंगा वऱ्हाडच्या शेतात आला तो असा, बियाण्याच्या पिशवीतून.

बाजारात मात्र तो आला नाही. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, खाजगी व्यापाऱ्याची जागा सरकारने घेतली, आणि तरी प्रत निश्चित करणारा ग्रेडर बोटांनीच निश्चित करत राहिला. त्या काळात केंद्रांवर बंड्यांच्या रांगा रात्रभर थांबत, आणि ग्रेडर कुठली प्रत लिहितो याकडे सगळ्या कुटुंबाचं लक्ष असे. गठाण झाल्यावर रुईचा नमुना यंत्रापुढे जातो, पण तेव्हा कास्तकाराचा चेक लिहून झालेला असतो. त्याचा कापूस यंत्राने वरच्या प्रतीचा ठरवला, तर तो फायदा गठाण ज्याच्या मालकीची त्याचा.

कारंजा १९९८ मध्ये अकोल्यातून निघून नव्या वाशीम जिल्ह्यात आलं. आता जिल्ह्यात सोयाबीनचं राज्य आहे, शकुंतला थांबली आहे, आणि कापूस कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या बाजूला तग धरून आहे. दरवर्षी केंद्र सरकार हमीभाव जाहीर करतं. २०२४-२५ साठी तो मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७१२१ रुपये आणि लांब धाग्याला ७५२१ होता. यातल्या 'लांब'चा अर्थ कागदावर असा आहे: लांबी २९.५ ते ३०.५ मिलिमीटर, मायक्रोनेअर ३.५ ते ४.३. टर्नर यांच्या प्रयोगशाळेची भाषा शेवटी हमीभावाच्या तक्त्यात उतरली.

हंगामात खरेदी केंद्रावर गाडी लागते. ग्रेडर चढतो. त्याच्या एका हातात ओल मोजायचं छोटं यंत्र असतं. त्याचा दांडा तो कापसात खुपसतो, आकडा बघतो. ८ टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापले जातात, १२ च्या वर गेला तर गाडी परत. ते झालं की तो यंत्र बाजूला ठेवतो, ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला एक झुपका काढतो, सरकीपासून सोडवतो आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढतो. खाली उभा असलेला कास्तकार त्याच्या बोटांकडे बघत राहतो.